चार हातांचा कार्बन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी आमंत्रणाबरोबर विषयही ठरवूनच आणला होता. यंदा पाककृती नको, आरोग्याच्या सूचना नकोत. मुलींच्या अकरावीच्या पुस्तकात जे 'ऑरगॅनिक' म्हणून येते आणि ज्याच्या नावाने घरोघर डोळ्यांना पदर लागतो, ते आम्हां आयांना कळेल असे सांगा, अशी त्यांची आज्ञा. मी जन्मभर महाविद्यालयात हाच विषय शिकवला, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. एका तासात सगळे शास्त्र सांगून होणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

पहिली अडचण नावाचीच आहे. ऑरगॅनिकला आपण मराठीत 'सेंद्रिय' म्हणतो. स-इंद्रिय, म्हणजे इंद्रिये असणाऱ्या सजीवांपासून मिळणारे. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की साखर, तेल, युरिया असले पदार्थ सजीवाच्या शरीरातच तयार होतात, त्यांना एक खास प्राणशक्ती लागते, आणि काचेच्या नळीत ते करणे माणसाच्या हाती नाही. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट हा क्षार तयार करायला घेतला, आणि हाती आला युरिया! मूत्रात असतो तोच, पण कुणा प्राण्याच्या मूत्रपिंडाची मदत न घेता. प्राणशक्तीची कल्पना काही एका दिवसात मेली नाही, परंतु तिला पहिला तडा गेला तो इथे. तेव्हापासून पुढे 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनची संयुगे, एवढाच अर्थ रसायनशास्त्रात उरला.

आता गंमत पाहा. बाजारात 'सेंद्रिय' भाजी घेताना आपण विचारतो, युरिया तर घातला नाही ना? आणि सेंद्रिय रसायनाच्या इतिहासात मानाचे पहिले पान ह्या युरियाचेच! शेतकऱ्याचा 'सेंद्रिय' शब्द वेगळा, रसायनशास्त्राचा वेगळा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त मुलीच्या पुस्तकातला अर्थ दुकानातल्या पाटीवरून लावू नका. रॉकेल, प्लॅस्टिकची पिशवी आणि आपले साजूक तूप ही तिन्ही तिच्या पुस्तकात एकाच विभागात बसतात. तसेच 'केमिकल नसलेला साबण' म्हणून जो चौपट दराने विकतात, त्याच्याविषयी काय म्हणावे? तेल आणि कॉस्टिक सोडा ह्यांच्या रासायनिक क्रियेवाचून साबण होतच नाही. पाणीसुद्धा रसायनच आहे.

मग कार्बनलाच एवढा मान का? कारण त्याला चार हात आहेत. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला बहुधा तीन, आणि कार्बनला चार. शिवाय कार्बन दुसऱ्या कार्बनचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि मंगळागौरीच्या फेरासारखी लांबच लांब साखळी किंवा वर्तुळ तयार होते. एका कार्बनच्या चारी हातांत हायड्रोजन दिले की मिथेन झाला, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. तीन आणि चार कार्बनांच्या साखळ्या आपल्या शेगडीच्या टाकीत असतात. त्यांची नावे प्रोपेन आणि ब्यूटेन. त्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत गंधकाचे एक अति दुर्गंधी संयुग मुद्दाम मिसळतात. तो घाणेरडा वास आपल्या जिवाचा राखणदार आहे.

साखळीच्या टोकाला काय लोंबते त्यावर पदार्थाचा स्वभाव ठरतो. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली तर मद्यार्काचे कुटुंब. एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असा गट लागला तर आम्लाचे. चिंचेतले टार्टारिक, लिंबातले सायट्रिक, दह्यातले लॅक्टिक, शिरक्यातले ॲसेटिक, मुंगीच्या डंखातले फॉर्मिक ही सगळी ह्या एका गटाची भावंडे. तांब्याचा हंडा चिंचेने लखलखतो तो ह्याच गुणाने, आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी करू नये तेही त्याच गुणाने. मुलींनी पाठांतर करावे ते एवढ्या आठ-दहा गटांचे. प्रत्येक संयुग वेगळे पाठ करायला बसणाऱ्या मुली रडतात, आणि ते साहजिकच आहे.

आता जीवरसायनाकडे वळू. भाताचे शीत आणि सुती लुगडे ह्यांत काय साम्य आहे? दोन्ही एकाच मण्याच्या माळा आहेत. तो मणी म्हणजे ग्लुकोज: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. भातात हे मणी एका तऱ्हेने जोडलेले, कापसात दुसऱ्या तऱ्हेने. जोडाची दिशा तेवढी बदलली आहे. परंतु त्या एवढ्याशा फरकाने एकाचे अन्न झाले आणि दुसऱ्याचे वस्त्र. पिष्टाची माळ तोडणारी कात्री आपल्या लाळेत आहे, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. कापसाच्या, म्हणजे सेल्युलोजच्या, माळेची कात्री आपल्याजवळ नाही. गाईजवळही स्वतःची नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजंतू ते काम करतात आणि ती निवांत रवंथ करते.

ह्या कात्र्यांना एन्झाइम किंवा विकर म्हणतात. ती प्रथिने असतात, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, तसे हे असते, असा दाखला एमिल फिशर ह्यांनी १८९४ साली दिला. कच्च्या पपईच्या चिकाने मटण लवकर मऊ पडते तेही विकरामुळेच. फार उष्णता दिली की विकर निकामी होते. हे ध्यानात ठेवा, कारण ह्याचा संबंध पुढे येणार आहे.

तेल-तुपाविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तिथे आपली पुष्कळ फसवणूक झाली. स्निग्ध पदार्थाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांड्याला टांगलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. साखळीतल्या प्रत्येक कार्बनने जमेल तितके हायड्रोजन धरले असतील तर ती सरळ राहते. सरळ साखळ्या काड्यांच्या पेटीतल्या काड्यांसारख्या दाटीने बसतात, आणि पदार्थ गोठतो. म्हणून थंडीत खोबरेल बाटलीत घट्ट होते. साखळीत कुठे दोन कार्बनांनी एकमेकांचे दोन-दोन हात धरले, तर त्या ठिकाणी तिला बाक येतो. बाकदार काड्या पेटीत नीट बसत नाहीत. म्हणून शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल पातळ राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात युक्ती निघाली, की निकेल धातूच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडायचा म्हणजे ते तुपासारखे घट्ट होते. आपल्याकडे हे वनस्पती तूप १९३० नंतरच्या दशकात मुंबईत होऊ लागले, आणि पिवळ्या डब्यावरचे ते ताडाचे झाड घरोघर जाऊन बसले. तूप महाग, हे स्वस्त, शंकरपाळी खुसखुशीत, आपल्या आज्यांनी आनंदाने घेतले. साजुक तुपात त्याची भेसळ होणार हे उघड दिसत होते. म्हणून कायद्याने वनस्पतीत शेकडा ५ तिळाचे तेल घालावे लागे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवले की तिळाच्या तेलाला किरमिजी रंग येतो, आणि चोर सापडतो. (ही परीक्षा प्रयोगशाळेतली. असले आम्ल घरी आणू नका.)

परंतु भेसळीपेक्षा मोठी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. हायड्रोजन अर्धवट सोडला की काही साखळ्यांचा दुहेरी बंध तसाच राहतो, पण बाक निघून जातो. ह्यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. दिसायला तेलाची, वागायला तुपाची, आणि शरीराला दोन्हींपेक्षा वाईट. रक्तातले घातक कोलेस्टेरॉल ती वाढवतात आणि उपकारक कमी करतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ह्याचा पुरावा साचत गेला, आणि भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्सवर शेकडा २ ची मर्यादा आली. एका बाकाचा प्रश्न, आणि त्यात किती घरांतल्या माणसांची हृदये गेली असतील! तेव्हा पाकिटावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' असे शब्द दिसले तर पाकीट खाली ठेवा, आणि दिवाळीच्या कढईतले काळे झालेले तेल आठवडाभर भाजीला पुरवू नका.

प्रथिनांविषयी थोडक्यात सांगते. वीस अमिनो आम्लांच्या मण्यांची ती माळ. तांदळात लायसिन नावाचा मणी कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरणभात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कडधान्यांत आणखी एक भानगड असते. आपल्या पोटातल्या प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन ह्या विकराला अडवून धरणारे पदार्थ त्यांत असतात. ते स्वतःही प्रथिनेच, म्हणून नीट शिजवले की बहुतांशी निकामी होतात. मघाशी उष्णतेची गोष्ट ध्यानात ठेवा म्हटले ते ह्यासाठी. कच्च्या राजम्याची कोशिंबीर हे शहाणपण नव्हे.

भारतीय कडधान्यांतल्या ह्या अडवणाऱ्या पदार्थांवर ज्यांनी काम केले त्या आपल्या मुंबईच्या डॉ. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम रीतीने होऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष कच्च्या प्रवेशावर, अटी घालून, त्यांना घेतले गेले. त्यांनी त्या अटी पाळल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत, आणि का विसराव्या? पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवून दिले, की पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते; १९३९ साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, कडधान्यांवर संशोधन केले, विद्यार्थी घडवले. १९६६ साली मुंबईत स्त्रियांनीच ग्राहकांची जी संस्था काढली तिच्यात त्यांनी भेसळ ओळखण्याच्या सोप्या परीक्षा बायकांना शिकवल्या. १९९८ साली त्या वारल्या. आपल्या मुलींच्या पुस्तकात रामन आहेत. कमलाबाई पुष्कळदा नसतात.

शेवटची गोष्ट साखर-मिठाची, आणि ती ज्या घरात तान्ही नातवंडे आहेत तिथल्यांनी लक्ष देऊन ऐकावी. जुलाब लागले की मूल मरते ते बहुधा पाणी निघून गेल्याने. नुसते पाणी पाजून भागत नाही. आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे, की त्यातून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम ही दोघे जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीतदेखील हे दार चालू राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ह्यांच्या पुड्या करवून पाण्यात विरघळवल्या, पिंपांना नळ लावले, आणि आजाऱ्यांच्या नातलगांनाच पाजायला बसवले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले. हे पाजणारे हात कुणाचे असतील, ते तुम्हांला सांगायला नको.

औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी असेल तर उत्तम. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखरेचे ग्लुकोज आतडे करून घेते. प्रेमाने साखर जास्त घालू नका. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर त्याहून वाईट. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. घोटघोट पाजा, अंगावरचे दूध बंद करू नका, आणि मूल मलूल पडले किंवा लघवी थांबली तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

माझी वेळ संपली. तिकडे टेबलावर पातळ केलेल्या भाताच्या पेजेच्या दोन वाट्या आणि जखमेला लावायच्या आयोडीनची बाटली ठेवली आहे. एका वाटीत आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येईल. दुसऱ्या वाटीत आपल्यापैकी कुणी तरी आधी थोडी लाळ घालून दहा मिनिटे कोमट जागी ठेवायची, मग थेंब टाकायचा, आणि रंग येतो की नाही ते आपणच पाहायचे. ज्यांनी आपल्या गवळ्याचे दूध आणले आहे त्यांनी ते उकळून, गार करून, त्यातही एक थेंब टाकून पाहावा. निळे झाले तर गवळ्याने त्यात पीठ मिसळले आहे. चहा होईपर्यंत तेवढा वेळ आहे.