दुसऱ्यांदा कोण बोलणार?



'कम्युनिकेशन स्किल' म्हटलं की आपल्याला फाडफाड इंग्रजी आणि चकचकीत प्रेझेंटेशन आठवतं. त्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत. इंग्रजी जरूर सुधारा, पण कामाच्या जागी बोलणं फसतं त्याला व्याकरण क्वचितच कारण असतं. एका विमान अपघाताची हकीकत सांगतो. पदवीदानाच्या मंगल दिवशी असला विषय काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधला टेनेरिफचा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यानं तिकडची विमानं इथे वळवलेली. जागा अपुरी, धावपट्टीवर दाट धुकं, आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नाही. केएलएम या विमान कंपनीचं जंबो विमान उड्डाणासाठी सज्ज उभं होतं आणि त्याच धावपट्टीवरून समोरून पॅन ॲम या दुसऱ्या कंपनीचं जंबो सावकाश येत होतं.

केएलएमचे कॅप्टन फान झांटेन म्हणजे कंपनीतलं मोठं प्रस्थ. जंबोच्या वैमानिकांना तेच प्रशिक्षण देत, कंपनीच्या जाहिरातीतही झळकलेले. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला जंबोसाठी पात्र ठरवलं होतं तेही त्यांनीच. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिक म्हणाला, अजून परवानगी नाही. माहीत आहे, विचार त्यांना, कॅप्टन म्हणाले. टॉवरनं उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिक तो मार्ग परत वाचून दाखवत असतानाच ब्रेक सुटले. या वेळी तो कॅप्टनना अडवायला धजला नाही. 'आम्ही आता टेक-ऑफवर' अशा अर्थाचं एक मोघम वाक्य त्यानं टॉवरला ऐकवलं. टॉवर म्हणाला, 'ओके'. पुढे 'थांबा, मी कळवतो' असंही म्हणाला, पण नेमकं तेव्हाच पॅन ॲमनं आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं कळवलं. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर कर्कश शिट्टी वाजली.

तरीही एक संधी उरली होती. टॉवर आणि पॅन ॲममधलं पुढचं बोलणं ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाजूला झालं नाही का, त्यानं विचारलं. झालंय की, कॅप्टन ठासून म्हणाले. इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

त्या कॉकपिटमध्ये कोणी मुखदुर्बळ नव्हतं. सहवैमानिक आणि इंजिनिअर, दोघांनाही रास्त शंका आली, दोघांनी ती बोलूनही दाखवली, पण एकदाच. साहेबांनी झटकल्यावर दुसऱ्यांदा बोलायला जी छाती लागते ती गल्लोगल्लीच्या त्या क्लासमध्ये मिळत नाही. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही हे आपण घरातून शिकून आलेलो असतो, त्यामुळे आपल्याला तर ते जास्तच जड जातं.

विमानवाहतुकीनं यातून धडा घेतला. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. नुसतं 'ओके' चालत नाही. सूचना परत म्हणून दाखवावी लागते. कनिष्ठानं शंका कशी मांडावी आणि कॅप्टननं ती कशी ऐकावी, याचं प्रशिक्षण मिळू लागलं.

शस्त्रक्रियागृहातही असंच काहीसं घडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेल्या १९ कलमी तपासणी यादीमागे डॉ. अतुल गवांदे होते. त्यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले. चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असं त्यातलं एक कलम. ज्यानं एकदा तोंड उघडलंय तो पुढे अडचण दिसली तर बोलण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार.

तुमच्या ऑफिसात धुकं नसेल, पण व्हॉट्सॲपवरचा अंगठा असेल, 'बघतो सर' असेल. त्या अंगठ्याचा अर्थ वाचलं, पटलं की करतो, हे पाठवणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. अशा वेळी 'म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडे मी पाठवायचे, बरोबर?' एवढं लिहून विचारा. साहेब वैतागतील. वैतागू द्या.

आणि तुमच्यातले बरेच जण लवकरच स्वतः साहेब होतील. तेव्हा मीटिंग संपवताना 'कळलं ना सगळ्यांना?' असं विचारू नका, कारण त्याला 'हो'शिवाय उत्तर येत नाही. टेबलाच्या टोकाला बसलेल्या सगळ्यात नव्या मुलीला विचारा, 'यात कुठे फसेल असं तुला वाटतं?' आणि ती बोलेपर्यंत थांबा.