शेडमधली जुनी जीप विकताना



आपल्या नाशिक जिल्ह्यात जुनी लष्करी जीप दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. देवळालीला तोफखान्याची मोठी छावणी आहे आणि गावोगावी फौजेतून निवृत्त झालेली माणसं आहेत. लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा लोकांनी घेतल्या, मळ्यात वापरल्या आणि थकल्यावर शेडमध्ये उभ्या केल्या. पुढे कुणी हौसेनं ती दुरुस्तीला काढतो. मग पैसे संपतात, नाहीतर माणूसच जातो, आणि जीप अर्धवट राहते. अशा वेळी दारात भंगारवाला उभा असतो आणि त्याच्याशी बोलायला घरातली बाई असते. म्हणून आज हा विषय घेतला.

आमच्या सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. फौजेतून आल्यावर त्यांनी लिलावातली जीप घेतली आणि १९७२ साली स्वतःच्या नावावर नोंदवली. उतारवयात ती पुन्हा उभी करायला घेतली. चासी साफ केली, इंजिन बांधून घेतलं, ब्रेक नवे टाकले. पत्रा, वायरिंग आणि सीट राहून गेल्या. आप्पा गेले आणि महिन्याभरात भंगारवाला आला. किलोला तीस रुपये म्हणाला. अशी जीप साधारण अकराशे किलोची असते, म्हणजे सगळे मिळून तेहतीस हजार. दीर म्हणाले, "देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल." सासूबाई म्हणाल्या, "विकायची तर विका, पण आधी ती काय वस्तू आहे ते तरी बघा."

तर पहिलं काम हेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे १९६९ पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात लष्करासाठी जोंगा बनू लागली. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या जाळीला बहुधा नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. फोर्डच्या जीपमध्ये बऱ्याच बोल्टांवर इंग्रजी एफ अक्षर असतं. पण पत्रे आणि जाळ्या वर्षानुवर्षं बदललेल्या असतात, म्हणून खरा विश्वास चासी नंबरावर ठेवायचा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्या.

दुसरं काम कागदांचं. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी तशीच विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी आरटीओचा फॉर्म ३१ असतो आणि मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर माणसाच्या स्वतःच्या कमाईच्या वस्तूवर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, या सगळ्यांचा सारखा हक्क असतो. आमच्याकडे इथेच गाडी अडली. दीर म्हणाले, "ताईचं लग्न झालंय, तिला कशाला विचारायचं?" सासूबाईंनी एवढंच विचारलं, "लग्न झालं म्हणून ती आप्पांची मुलगी राहिली नाही का?" मग ताई आल्या, त्यांनी सही केली आणि जीप सासूबाईंच्या नावावर झाली.

तिसरी गोष्ट, घाईनं काही सुधारायला जाऊ नका. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. हौशी गिऱ्हाईक हेच बघतं. म्हणून पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गंजावर रंग फासू नका. काढलेला जुना कार्ब्युरेटर, दिवे, नटबोल्ट गोणीत भरून ठेवा, ते जीपसोबतच जाऊ द्या. आणि लष्करी हिरवा रंग तर मुळीच देऊ नका. मोटार वाहन नियमांनुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो.

चौथं, जे आहे ते सांगा. आम्ही वहीत तीन रकाने केले: झालेलं काम, राहिलेलं काम आणि नसलेले भाग. गंजलेल्या जागेचाही फोटो काढला. त्यामुळे नुसती चौकशी करणारे आपोआप गळाले, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला भाव पाडायला नवं कारण सापडलं नाही. मात्र दुरुस्तीला घातलेला सगळा पैसा वसूल होईल असं धरू नका. अर्धवट गाडी घेणारा उरलेल्या कामाचा खर्च मनात मोजूनच भाव सांगतो.

पाचवं, फसवणूक. फोनवर कुणी म्हणेल, "मी फौजेत आहे, जीप न बघताच घेतो, पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा." बायांनो, पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गिऱ्हाइकाला घरी बोलवा, दोन माणसांसमोर बोला, इसार घेतला तर त्याची पावती करा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पैसे मिळाले, जीप गेली, म्हणून काम संपलं असं समजू नका. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच. त्या गाडीनं अपघात केला तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडे मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवलेली असेल तर दोघांनी नव्वद दिवसांत. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या, त्याच्या आधारची प्रत ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सही तर कुणालाच देऊ नका.

आमची जीप दोन लाख चाळीस हजारांना गेली. सासूबाई, दोन मुलगे आणि ताई, प्रत्येकाच्या वाट्याला साठ हजार आले. सासूबाईंनी आपले पैसे स्वतःच्या खात्यात ठेवले.

पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीनं घरच्या गाडीचं आरसी बुक घेऊन यावं. नाव कुणाचं आहे ते वाचावं. आता आरसीमध्ये नॉमिनी नोंदवता येतो, तो नसेल तर नोंदवून घ्यावा. गाडी मोटारसायकल असो की जीप, हे काम माणूस धडधाकट असतानाच करून ठेवायचं असतं.