चुन्याच्या निवळीचा पेला



पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'रसायनशास्त्राची मूलतत्त्वे : एक ओळख'. एका तासात ही ओळख करून देणं म्हणजे लग्नाच्या मांडवात झाडून सगळ्या पाहुण्यांची नावं सांगत सुटणं. नावं सांगून होतात, ओळख कुणाशीच होत नाही. म्हणून मी एकाच पाहुण्याला बरोबर आणलंय. ही माझ्या आजोबांची चंची, आणि हे तिच्यातलं चुनाळं. आयोजकांनी मला बोलावून स्वतःला चुना लावून घेतला, असं उद्या कुणी म्हणालं तर ते अगदीच खोटं ठरणार नाही. (हशा)

हा काचेचा पेला इथे ठेवतो. यात चुन्याची निवळी आहे. काल रात्री चमचाभर चुना पाण्यात ढवळून ठेवला आणि सकाळी वरचं नितळ पाणी गाळून घेतलं. पिण्याचं पाणी समजून कुणी उचलू नका. अध्यक्षांना विशेष विनंती. (हशा)

माझं म्हणणं गेली चाळीस वर्षं एकच आहे. आपण रसायन उलट्या टोकाकडून शिकवतो. पोराच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी अणू, मग इलेक्ट्रॉन, मग संयुजा. त्यानं आयुष्यात न पाहिलेल्या गोष्टी पाठ करायच्या. अणू हा या शास्त्राचा पहिला धडा नव्हेच. पहिला धडा तराजू. पहिल्या रांगेत पाठ्यपुस्तकं लिहिणारे दोघे बसलेत, ते हसताहेत. हसा. मी मुद्दा सोडणार नाही.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. चुनखडी जिभेवर ठेवा, काही होत नाही. कळीचा चुना मात्र जीभ भाजतो. हा दाहकपणा आला कुठून? अठराव्या शतकात बहुतेकांचं उत्तर होतं, भट्टीतून. आगीचा काही अंश दगडात शिरतो आणि तिथेच बसून राहतो. पटण्यासारखं आहे की नाही?

एडिंबरोत जोसेफ ब्लॅक नावाचा एक तरुण वैद्यकी शिकत होता. मुतखड्यावर कोणत्या चुन्याची निवळी गुणकारी, दगडाच्या की शिंपल्यांच्या, यावर तिथल्या दोन प्राध्यापकांचं चांगलंच वाजलं होतं. ब्लॅक शहाणा. पदवी मिळेपर्यंत त्यानं चुन्याचं नाव काढलं नाही. 1754 चा प्रबंध मॅग्नेशियावर लिहून मोकळा झाला. (हशा) मग 1756 मध्ये छापलेल्या निबंधात चुना घेतला. 120 ग्रेन खडू भाजला, उरला 68 ग्रेन. आत काही शिरायचं सोडाच, बाहेरच पडलं होतं! मग तो चुना त्यानं सौम्य क्षाराच्या पाण्यात टाकला, धुतला, वाळवला आणि पुन्हा तोलला. 118 ग्रेन. खडू परत आला होता. जे निघून गेलं होतं तो एक वायू होता, हवेपेक्षा वेगळा. त्याला ब्लॅकनं 'बद्ध हवा' म्हटलं. आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

आता तुमच्या पाठ्यपुस्तकातली बेरीज करू. कॅल्शियम 40, कार्बन 12, ऑक्सिजन 16 गुणिले तीन, एकूण 100. भट्टीतून 44 वायू होऊन उडाला, 56 चुना उरला. ब्लॅकचे 120 ला 68 म्हणजे शेकडा जवळजवळ 57. डाल्टनचा अणुसिद्धांत त्याच्या 1808 च्या पुस्तकात आला. म्हणजे अणूच्या आधी पन्नास वर्षं, नुसत्या काट्यावर, या माणसाच्या हाताला हा आकडा लागला होता. मग आधी काय शिकवायचं? (टाळ्या)

मूलद्रव्य म्हणजे काय, तेही चुन्यालाच विचारा. लाव्हाझियेनं 1789 मध्ये 33 मूलद्रव्यांची यादी छापली. त्यात प्रकाश आहे, उष्णता आहे आणि हा आपला चुनासुद्धा आहे! ज्याचे आणखी तुकडे पाडता येत नाहीत ते मूलद्रव्य, आणि चुन्याचे तुकडे तोवर कुणाला पाडता आले नव्हते. यात धातू दडलेला असावा हा संशय लाव्हाझियेला होता, पण 1794 च्या मे महिन्यात त्याचं डोकंच उडवलं. 1808 मध्ये लंडनला डेव्हीनं विजेच्या जोरावर चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं आणि चुना यादीतून गेला. म्हणजे मूलद्रव्यांची यादी ही त्या त्या वेळच्या आपल्या ऐपतीची यादी असते.

इथे एक आठवण सांगतो, दोन मिनिटांची. तालुक्याच्या गावी मी नवाकोरा मास्तर. शाळेची तपासणी होती. नळीतून फुंकलं की निवळी दुधाळ होते, हा हमखास प्रयोग मी साहेबांसाठी राखून ठेवलेला. फुंकायला मुलगा निवडला तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. मिनिटाभरात निवळी ताकासारखी पांढरी. साहेब खूश, मुख्याध्यापकांशी बोलायला वळले. मी त्यांच्या मागे मागे. पोराला 'थांब' म्हणायचं राहून गेलं, आणि क्लॅरिनेटवाला कसला थांबतोय! बरंच फुंकल्यावर तोच म्हणाला, ''गुरुजी, पांढरं गेलं.'' बघतो तर परीक्षानळीत स्वच्छ पाणी! साहेबांनी विचारलं, ''दूध गेलं कुठे?'' मी म्हटलं, ''खाली बसलं असेल, साहेब.'' खाली काहीच नव्हतं. शेरा काय आला ते विचारू नका. (हशा)

रात्री कंदिलापाशी पुस्तक उघडलं. आधी वायूनं चुन्याची चुनखडी केली, ती पांढरी दिसली. वायू जास्त झाला तेव्हा तिचं बायकार्बोनेट होऊन ते पाण्यात विरघळलं. दुसऱ्या दिवशी त्याच पोराला पुन्हा फुंकायला लावलं आणि नितळ झालेली नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. उकळी फुटायच्या आत पांढरं परत! तुमच्या गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा जो थर बसतो, ज्याच्यापायी दुरुस्तीवाल्याला पैसे मोजता, तो हाच. आंध्रातल्या बोरा गुहांत छतापासून जे दगडी झुंबर लोंबतात तेही हेच. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत झिरपतं, गुहेच्या हवेत वायू सोडून देतं, थेंबामागे कणभर दगड ठेवून जातं. क्लॅरिनेटवाल्यानं जे...

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे.' अहो, मी अजून आम्लांपर्यंतसुद्धा आलो नाही! असू दे. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग का पडतो ते गृहिणींना ठाऊक आहे. ती फरशी म्हणजे चुनखडीच. तळहातावर हळद घ्या, चुन्याचं बोट लावा, लाल होईल. लिंबू पिळा, पिवळी होईल. आम्ल, आम्लारी आणि दर्शक, तिन्ही प्रकरणं झाली. मेंडेलीव्हची आवर्तसारणी, 1869, नातवंडांच्या पुस्तकात आहे. विसाव्या घरात कॅल्शियम बघा. रासायनिक बंध तर तुम्हाला माहीतच आहेत. (हशा) कार्बनी रसायनासाठी पुढच्या वर्षी बोलवा, बोलावलंत तर.

नाही नाही, आभार मानायला उठू नका, अर्धं मिनिट द्या. हा पेला मघाशी ठेवला तेव्हा नितळ होता. आता दिव्याकडे तिरका धरून बघा. दुधावर साय धरावी तसा पापुद्रा आलाय. काडीनं टोचला की तडकतो. या हॉलमध्ये आपण तासभर जो श्वास सोडला, त्यातला थोडा इथे दगड होऊन बसलाय. मागच्या रांगेतल्यांनीही जाताना बघून जा. फक्त एकेकानं या, टेबल हललं तर तो बुडेल.