दंड कोणी करायचा?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पिओरिया व गिलमन ही दोन गावे आहेत. न्यूयॉर्क हे पिओरियापेक्षा गिलमनहून ८६ मैलांनी जवळ. तरीही वॉबॅश रेल्वे कंपनीने पिओरियाच्या मालाला शंभर पौंडांमागे १५ सेंट आणि गिलमनच्या मालाला २५ सेंट आकारले. त्या काळच्या कंपन्यांचा हिशेब असाच असे: स्पर्धा असेल तेथे दर उतरवायचा आणि जेथे शेतकऱ्याला दुसरी गाडीच नाही, तेथून तो वसूल करायचा.

ग्रेंज चळवळीत संघटित झालेल्या शेतकऱ्यांच्या रेट्याने राज्यांनी असे दर दंडनीय ठरविले होते. परंतु १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माल राज्याबाहेर जाणार असेल, तर राज्याला दंड करता येणार नाही; तो अधिकार काँग्रेसचा. तिघा न्यायमूर्तींचे मत विरोधी होते. एकाच प्रवासावर प्रत्येक राज्याने आपला निराळा नियम लादला तर व्यापार चालणार नाही, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण काँग्रेसने तोवर कायदाच केलेला नव्हता. राज्याचे हात बांधलेले आणि केंद्राचे हात खिशात! ही पोकळी हेच कंपन्यांचे साम्राज्य होते.

१८८७ साली केंद्रीय कायदा व आयोग आला. पण १८९५ च्या टेक्सस खटल्यात काय घडले? बिल्टीवर दर ६९ सेंट, मागणी ८४ सेंटांची. राज्याचा दंड रद्द झाला. कारण केंद्रीय कायद्यानुसार जाहीर झालेला दर ८४ होता. ग्राहकाच्या रक्षणाचा कायदा कंपनीची ढाल झाला. १८९७ मध्ये न्यायालयाने आयोगाला दर ठरविण्याचा अधिकारही नाकारला. कमाल दर ठरविण्याचा अधिकार मिळायला १९०६ साल उजाडले.

उलट, राज्यांतर्गत प्रवासात ६६ सेंट जादा घेतल्याबद्दल आर्कान्सासने ठोठावलेला ७५ डॉलर दंड १९१९ साली त्याच न्यायालयाने वैध ठरविला. दंड हा केवळ प्रवाशाच्या नुकसानीशी नव्हे, तर सार्वजनिक अपराधाशी मोजायचा असतो, हे त्यामागील तत्त्व.

साथींनो, अधिकार राज्याकडे असावा की केंद्राकडे, हा वाद जरूर घालावा. पण तो कोणाकडेच नसेल, तर तो भांडवलाकडे असतो. म्हणून एका हातातून अधिकार काढून घेतला जात असेल, तेव्हा आपला पहिला प्रश्न हा असला पाहिजे की, तो दुसऱ्या हातात पोहोचला काय?