अठ्ठावीस रेघा



आपला भंडारा जिल्हा तलावांचा. गावोगाव तलाव आहेत, बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत. बदकाला आणखी काय पाहिजे? गोगलगायी, किडे, सांडलेले धान खाऊन ते पोट भरते. म्हणून लोक मला विचारतात, "गुरुजी, बदकाची अंडी घरी उबवता येतील का जी?" येतील. पण पहिल्या खेपेला मी कसा चुकलो, ते आधी ऐका.

शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षी मी बदकाची नऊ अंडी आणली. आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदकाच्या मादीखाली का नाही? माणसाने पिढ्यान् पिढ्या जास्त अंडी देणारी बदके निवडून पाळली. त्यामुळे अशा माद्यांची अंड्यांवर बसण्याची ओढ कमी झाली. म्हणून कोंबडीची मदत घ्यावी लागते.

कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात. मी तेवढेच दिवस मोजले. बावीस झाले, तेवीस झाले. काही हालचाल दिसेना. अंडी नासली असे समजून मी कोंबडीला हाकलले. परसात नेऊन एक अंडे फोडले. आत पिल्लू होते. जिवंत होते! थोड्या वेळाने ते गेले. कोंबडी परत बसली नाही. बाकीची आठही अंडी थंड झाली.

जन्मभर मुलांना हिशेब शिकवला, आणि माझाच हिशेब चुकला. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात. लाल गाठींच्या तोंडाचे मस्कोवी बदक असेल, तर सुमारे ३५ दिवस लागतात.

पुढल्या वर्षी शेजारच्या एका बाईने अंडी बसवली. ती साक्षरता वर्गात नुकतीच आकडे शिकली होती. तिने भिंतीवर कोळशाने तारीख लिहिली. खाली रोज एक रेघ ओढली. तिने काय काय केले, ते सांगतो.

अंडी निवडताना तिने पाहिले, की कळपात नर आहे. नर नसेल तर अंड्यातून पिल्लू निघत नाही. अंडी सात दिवसांच्या आतली घेतली. तडा गेलेली घेतली नाहीत. अंडी धुतली नाहीत. कवचाला बारीक छिद्रे असतात. धुतल्याने घाण आत जाते.

अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात टोपली ठेवली. तिच्यात तणस घातली. बदकाचे अंडे मोठे असते. म्हणून एका कोंबडीखाली आठ-दहाच ठेवावीत. तिने नऊ ठेवली.

अंडे जड असल्याने कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही. बाईने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली केली. सकाळ-संध्याकाळ हात धुऊन अंडी फिरवली. फिरवली नाहीत तर पिल्लू आतल्या बाजूला चिकटते.

सातव्या रात्री अंधारात बॅटरीपुढे एकेक अंडे धरून पाहिले. लाल शिरांचे जाळे दिसले, तर आत जीव आहे. स्वच्छ दिसले, तर नाही. दोन अंडी तशी निघाली. ती बाजूला काढली. दोन आठवड्यांनंतर अंड्यांवर रोज कोमट पाणी थोडे शिंपडले. बदकाची मादी पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते, तसाच हा ओलावा. शेवटचे तीन दिवस मात्र अंडी फिरवली नाहीत. कोंबडीला त्रास दिला नाही.

अठ्ठाविसाव्या रेघेला कवचाला भोक पडले. आतून आवाज येऊ लागला. बाई कवच सोलायला निघाली होती. मी हात जोडून थांबवले. भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. घाईने सोलले तर रक्त येऊन ते मरते. दुसऱ्या दिवशी सहा पिल्ले निघाली. एक निघाले नाही.

पिल्लांना ऊब द्या. पाणी उथळ भांड्यात ठेवा. चोच बुडावी, पिल्लू बुडू नये. पिसे फुटेपर्यंत त्यांना तलावात सोडू नका.  ती भिजून गारठतात. कोंडा, शिजलेली कनकी, बारीक किडे द्या. बुरशी लागलेली ढेप कधीही देऊ नका. तिचे विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर मारते.

पुढे ती पिल्ले बोडीत उतरली. कोंबडी काठावर ओरडत फेऱ्या घालू लागली. आम्ही दोघे पाहत उभे होतो. बाई म्हणाली, "गुरुजी, रेघा ओढल्या नसत्या, तर मी बी कोंबडी उठवली असती जी."

मी काय बोलणार? मला तर हिशेब येत होता. मी फक्त विचारले नव्हते, की किती दिवस मोजायचे.