पनामाचा सोनेरी भेक

नभोवाणीवर बोलावयाचें म्हणजे सारा भार आवाजावर. आज मात्र मी अशा एका प्राण्याची हकीकत सांगणार आहें, कीं ज्याच्या घरीं आवाजाचा फारसा उपयोग होत नाहीं.

मध्य अमेरिकेंतील पनामा देशांत, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत, सुमारें ६०० मीटर उंचीवर एल व्हाये दे आंतोन हें गांव वसलें आहे. भोंवतालच्या डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांच्या कांठीं, शेवाळलेल्या धोंड्यांवर हा भेक राहत असे. पावसाळ्यांत आपल्या अंगणांत येतो तो भेक खरबरीत आणि मातकट. हा त्याच्याच कुळांतला. पण अंग गुळगुळीत, रंग पिवळाधमक सोन्यासारखा, आणि त्यावर बहुधा काळे ठिपके. लांबी दीड ते अडीच इंच. एवढ्याशा जीवाच्या त्वचेंत मज्जातंतूंवर घाला घालणारें जहाल विष असतें. म्हणून भर दिवसा तो निर्धास्त हिंडतो. १९३३ सालीं एमेट डन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें जेम्स झेटेक या कीटकशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्याला 'झेटेकी' असें नांव दिलें.

या भेकाला कानाचा पडदा नाहीं आणि मध्यकर्णहि नाहीं. तो अगदींच बहिरा आहे असें नव्हे. बारीक आवाज काढतो, आणि तो दुसऱ्या भेकाला कळतोहि. पण ओढा धोंड्यांवरून अखंड कोसळत असतां तेथें कोणाचें काय ऐकूं येणार? तेव्हां हा गृहस्थ पुढचा पाय उचलून हवेंत गोल फिरवितो. कधीं तो प्रतिस्पर्ध्याला इशारा असतो, कधीं मादीला नमस्कार. मी जन्मभर वर्गावर उभा राहिलेला माणूस. मला याचें नवल वाटलें नाहीं. गलबला वाढला कीं मागच्या बाकावरचा मुलगा हाक मारीत नाहीं, हातच वर करतो. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नरांपुढें आरसा ठेवला, तेव्हां स्वतःच्याच प्रतिबिंबाला ते अधिक जोरानें हात करूं लागले. आपल्या सह्याद्रींतहि, केरळ-कर्नाटकांतील ओढ्यांवर, मागचा पाय ताणून खूण करणारे चिमुकले बेडूक आहेत. कूळ निराळें, अडचण तीच.

हा भेक दैव उघडतो व मेल्यावर सोन्याचा होतो, अशी पनामांत जुनी समजूत. लॉटरीच्या तिकिटांवरहि त्याचें चित्र आलें. दैवाच्या आशेनें व हौसेपायीं त्याला ओढ्यावरून उचलून नेणारेहि पुष्कळ निघाले. परंतु खरा घात निराळ्याच वाटेनें आला.

१९९६-९७ च्या सुमारास पश्चिम पनामांतील ओढ्यांकांठीं बेडूक मरून पडूं लागले. कारण एक सूक्ष्म बुरशी. बेडूक पाणी व क्षार त्वचेवाटें घेतो. बुरशी ती त्वचाच निकामी करते; रक्तांतील क्षार घटतात आणि हृदय बंद पडतें. तिचें मूळ पूर्व आशियांत असावें, असें २०१८ मधील संशोधन सांगतें. माणसानें बेडकांचा व्यापार मांडला नसता, तर एवढे समुद्र तिनें ओलांडले असते असें मला वाटत नाहीं. डोंगरामागून डोंगर घेत ती पूर्वेकडे सरकत होती. पुढें कोणतें खोरें येणार हें शास्त्रज्ञांना दिसत होतें, पण वाहत्या ओढ्याला कुंपण कसें घालावें? तेव्हां त्यांनीं हातीं लागतील तितके भेक उचलले, आणि एल व्हायेंतील एका हॉटेलच्या खोल्यांत त्यांचा तळ ठोकला. २००६ सालीं बुरशी तेथें पोंचली. पुढें थोड्याच वर्षांत रानांतला भेक दिसेनासा झाला. २०१० सालीं सरकारनें कायदा करून १४ ऑगस्ट हा सोनेरी भेकाचा राष्ट्रीय दिन ठरविला. तोंपर्यंत ओढे रिकामे झाले होते!

पनामांत आणि अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांत कांचेच्या पेट्यांतून त्याची संतति वाढत आहे. ओढ्यांतली बुरशी मात्र गेलेली नाहीं. त्याचाच एक भाऊबंद, ठिपकेदार भेक, नाहींसा झाला असें वाटत असतां कांहीं ओढ्यांवर पुन्हां दिसूं लागला. बुरशी सौम्य झाली म्हणून नव्हे; तेथील बेडकांच्या त्वचेंतील स्राव तिला पूर्वीपेक्षां अधिक आवरतात, असें २०१८ सालीं आढळून आलें.