मोजलेले आकडे आणि त्यांचे दप्तर
(अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकांपुढे केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. अभियांत्रिकीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु कागदपत्रे सांभाळण्यात माझी नोकरी गेली आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाला तडे गेले. धरणातच बसविलेल्या यंत्राने त्या हादऱ्याची नोंद केली होती. यंत्र कोठे होते, कोणती नोंद धरणाच्या लांबीच्या दिशेची व कोणती आडव्या दिशेची, हे सारे तिच्यासोबत जपले गेले. म्हणूनच काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे जगभरातील अभियंते ती नोंद आजही वापरतात. याउलट, १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले 'नासा'चे एक यान नष्ट झाले, कारण एका संगणक प्रणालीने पौंडाच्या मापात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनचे समजून वापरले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. एका ग्रामपंचायतीने विद्यार्थ्यांकडून विहिरींची पाणीपातळी मोजून घेतली. ग्रामस्थांनी भर उन्हात दोर धरले. दोन वर्षांनी नळयोजनेसाठी ते आकडे हवे झाले, तेव्हा महाविद्यालयातून एक फाईल मिळाली, नाव 'फायनल-नवीन-२'. विहिरींना केवळ क्रमांक. माप कठड्यापासून की जमिनीपासून, फुटांत की मीटरमध्ये, कशाचाच उल्लेख नाही. विद्यार्थी पदवी घेऊन गेलेले. सरपंचबाईंनी मला विचारले, "साहेब, यात आमची विहीर कोणती?" मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षीची पातळी आता पुन्हा मोजताही येणार नाही.

कार्यालयात लिपिकाची बदली झाली की दप्तराचा ताबा यादीनिशी दिला जातो. विद्यार्थ्याकडून मात्र केवळ बांधीव प्रबंध घेतला जातो.

माझी सूचना साधी आहे. काय मोजणार, कशाने, कोणत्या एककात आणि शेवटी कोणाच्या स्वाधीन करणार, हे प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहून घ्यावे. मूळ आकड्यांना हात लावू नये. दुरुस्ती प्रतीवर करावी. प्रती तीन असाव्यात, एक अन्य ठिकाणी. यास गुण ठेवावेत. गुणांवाचून काय होते ते आपण जाणताच. परीक्षाही सोपी आहे: गतवर्षीच्या तुकडीचे आकडे नव्या तुकडीस द्यावेत आणि कोणालाही न विचारता तोच आलेख काढावयास सांगावे. ज्यांना तो काढता येणार नाही, त्यांना काय लिहावयाचे राहिले होते हे व्याख्यानाशिवाय कळेल.

त्या गावच्या विहिरी येत्या उन्हाळ्यात पुन्हा मोजावयाच्या आहेत. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचे असावेत, अशी पंचायतीची विनंती मी सोबत आणली आहे.